आवाजाच्या आधी आलेलं विमान

विमानतळावर माझ्या हातून पहिलं रक्त सांडलं ते वजनकाट्यापायी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. औरंगाबादला तेव्हा सरकारी मोठ्या विमानाच्या जोडीला एक लहान कंपनी सुरू झाली होती. तिचं नाव मी लिहीत नाही, ती पुढं बंद पडली. दोन पंख्यांचं, दीड डझनभर माणसांचं एक विमान. पुण्याहून निघायचं, औरंगाबादला टेकायचं, नांदेडला जायचं आणि तसंच माघारी. आत शिरताना वाकावं लागायचं. पायलट आणि प्रवासी यांच्यामध्ये नुसता पडदा होता. तो हलला की पायलटच्या मानेवरचा घाम दिसायचा. मोठ्या विमानाला एखाद्या जाड माणसाची फिकीर नसते, लहान विमानाला असते. म्हणून आमच्याकडं सामानाच्या काट्यावर माणूसही उभा करायचे, आणि कोण पुढं बसणार, कोण मागं, कोणाची पेटी खाली राहणार, हे त्या आकड्यावरून ठरायचं. ते ठरवायचं काम माझं. मी बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. मुकुंदवाडीतल्या आमच्या भावकीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

जपानी पाहुणे काट्यावर हसत उभे राहायचे. पैठणीचे व्यापारी राहायचे, कारखान्यांतले साहेब राहायचे. एक दिवस एका संस्थेचे चेअरमन आले. कडक इस्त्री, बोटांत अंगठ्या, सोडायला दहा-बारा माणसं. मी काट्याकडं हात केला. ते माणसांकडं बघून म्हणाले, "मला तोलायचं तर दुसऱ्या पारड्यात गूळ लागतो. जा पोरा, मोंढ्यातून घेऊन ये." त्यांची खरोखरच महिन्यापूर्वी गूळतुला झालेली होती, सगळी माणसं हसली.

मी म्हणालो, "इथं दुसऱ्या पारड्यात तुमचा जीव असतो, साहेब. उभं राहा."

त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. अंगठीनं गाल फाटला. मी वाट बघितली नाही. मूठ वळली आणि त्यांच्या नाकावर घातली. नाक मोडल्याचा आवाज मला हातातून कळला. रक्त सदऱ्यावर, काट्याच्या पत्र्यावर. मग ती दहा-बारा माणसं माझ्यावर पडली. कोणी बरगडीत लाथा घातल्या, कोणी माझं डोकं धरून काउंटरच्या कडेवर आपटलं. विमानतळाचा चौकीदार काठी घेऊन मध्ये शिरला नसता तर मी तिथंच गेलो असतो.

आमचे स्टेशन मॅनेजर हवाई दलातून निवृत्त झालेले. ते आले, दोघांकडं बघितलं आणि चेअरमनना म्हणाले, आधी वजन. विमान थांबणार नव्हतं आणि पुण्याचं काम त्यांना त्याच दिवशी गाठायचं होतं. नाकात कापूस घालून ते काट्यावर उभे राहिले. मी एका डोळ्यानं आकडा वाचला आणि त्यांना मागच्या रांगेत बसवलं.

नंतर वरून माझ्याविरुद्ध फोन आले. मॅनेजरनी मला काढलं नाही. एवढंच म्हणाले, "तुझे हात चालतात. असले हात काउंटरवर नकोत. धावपट्टीवर पाहिजेत."

धावपट्टीवर म्हणजे जीपवर. विमानतळ सरकारचा, पण माणसं तुटपुंजी. आमचं विमान यायच्या आधी पट्टीवरून एक चक्कर मारायची, जनावर, माणूस, दगड जे असेल ते हटवायचं आणि टॉवरला हिरवा झेंडा दाखवायचा. आमच्या विमानापुरतं हे काम आमच्या कंपनीनं अंगावर घेतलेलं होतं. जीप मी चालवायचो, शेजारी तो चौकीदार काठी घेऊन बसायचा. शहागंजाकडचा, वयानं मोठा, मला भाई म्हणायचा.

लोकांना वाटतं विमानतळ म्हणजे झाडलेली जागा. आमची पट्टी म्हणजे दोन्ही बाजूला कमरेइतकं गवत आणि त्यात सगळं गाव. ससे, टिटव्या, भटकी कुत्री, गवत कापणाऱ्या बाया, गुरं. भिंतीला जागोजाग खिंडारं. घार पंख्यात सापडली की नुसता लाल फवारा उडायचा आणि काचेवर पिसं चिकटायची, ती मी फडक्यानं पुसलेली आहेत. माणसांना हटवायची रीत एकच होती, आधी मारायचं आणि मग विचारायचं. बायांचे विळे हिसकायचे. बाया दगड मारायच्या. चौकीदाराच्या कपाळावर अशाच एका दगडाची खोक होती. मीही मारलं आणि मारही खाल्ला. विमान उतरताना पट्टीवर माणूस असणं म्हणजे काय, हे एकदा डोक्यात शिरलं की काठी जड लागत नाही.

आणि त्या माणसांत माझा थोरला भाऊ होता.

पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, आमचा बाप एका जहागीरदाराच्या जमिनीवर राबायचा. पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, पुढं कुळाच्या कायद्यानं ती जमीन बापाच्या नावावर झाली. मग पट्टी लांबवायची निघाली आणि जमीन पट्टीत गेली. पश्चिमेचा शेंडा, मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनाकडचा, तो आमचा. भाऊ औत धरायला शिकला तो त्या मातीत. बाप गेल्यावर त्यानं चौथीत शाळा सोडली, म्हशी पाळल्या आणि सायकलला कॅन बांधून सिडकोत दूध घातलं. माझी फी त्या म्हशींनी भरली. हे तो मला विसरू देत नसे आणि मी विसरतही नसे.

म्हशी चारायच्या त्या बापाच्याच जमिनीवर, हा त्याचा हट्ट. खिंडारातून आत यायचा आणि पट्टीच्या शेंड्याला बसायचा. अंगानं पैलवान गडी. चौकीदाराशी त्याची किती वेळा जुंपली असेल याला हिशेब नाही.

जीपवरच्या पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हातात काठी होती.

"आलं का सायेब," तो म्हणाला. "काठी कालेजात देत्यात व्हय?"

"दादा, म्हशी काढ. विमान येतंय."

"कुठंय? ऐकू तर येईना."

मी त्याच्या दंडाला धरलं. त्यानं मला उचलून गवतात टाकलं आणि पुन्हा बसला. मी उठून त्याच्या पाठीत काठी घातली. त्यानं ती हातातून काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे मला परत दिले. चौकीदार जीपमधून उतरलाच नाही. मला म्हणाला, "भाई, ये तुम्हारा घर का मामला है. मेरे को नक्को."

तेवढ्यात भावानं मान वर केली. बिडकीनच्या अंगानं अगदी बारीक घरघर येत होती, मला नंतर कळली, त्याला आधी. त्यानं बिडी विझवली आणि कानामागं खोचली. पण त्याच्याही आधी उठली ती त्याची मोठी म्हैस. एक शिंग खाली वळलेलं, कळपातली म्होरकी. ती उठली की बाकीच्या उठायच्या. त्यानं हाकारलंही नाही. म्हशी आपल्या आपण पट्टी सोडून गवतात गेल्या आणि मग विमान स्टेशनावरून खाली आलं, टेकलं आणि पुढं निघून गेलं. पंखे थांबायच्या आत म्हशी परत डांबराकडं आल्या होत्या.

हे असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. पंख्याचं विमान लांबून ओरडत येतं. तेवढा वेळ त्याला पुरायचा, म्हशींना पुरायचा, पट्टीवरच्या कुत्र्यांनाही पुरायचा. आमची जीप पोचायच्या आत त्याची बाजू रिकामी असायची. चौकीदार त्याला उठवायला रोज खोटंच ओरडायचा, आया आया, पीछे देख, पण भाऊ मान वळवत नसे. डोळ्याचं काम नव्हतंच ते. मग मीही रोजची मारामारी सोडून दिली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात जेट आलं.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मुंबईच्या मालकानं कारखाना टाकला होता. त्याचं स्वतःचं विमान होतं. त्या काळात माणसाचं स्वतःचं विमान म्हणजे आमच्याकडं बोलायचा विषय. पांढरंशुभ्र, अंगानं लहान, आठ माणसांचं, आणि दोन्ही इंजिनं शेपटीजवळ. पंखा कुठंच नाही. त्याची खालची सगळी व्यवस्था आमच्या कंपनीनं घेतली, म्हणून त्याच्यासाठी पट्टी मोकळी करायचं कामही माझ्याकडं आलं.

पहिल्यांदा ते उतरलं तेव्हा भाऊ दूध घालायला गेला होता. मी चक्कर मारून पट्टीच्या मध्याजवळ जीप बाजूला घेऊन थांबलो होतो. वारा दाखवणारी कापडी पिशवी असते, तिच्या खांबाखाली एक तांबडी कुत्री राहायची. कैक वर्षं तिथंच, तिथंच व्यायची. विमानाची घरघर आली की आळस देत उठायची आणि बाजूला व्हायची. मी चक्कर मारली तेव्हा ती गवतात होती. नंतर उन्हाला म्हणून डांबरावर येऊन पडली. मी स्टेशनाकडं बघत होतो. पांढरा ठिपका दिसला, मोठा झाला, आणि आवाज काहीच नाही. खरंच काही नाही. मला टिटवी ऐकू येत होती. कुत्रीचे कान सरळ उभे होते, ती जागी होती, ऐकत होती. जेटचं चाक तिच्यावरून गेलं. ते पुढं गेल्यावर मागून आवाज आला, आभाळ फाटल्यासारखा, आणि कुत्रीचे दोन भाग डांबरावर वेगवेगळे पडलेले.

मी फिजिक्स शिकलोय. मला तिथंच कळलं. इंजिनं शेपटीला, त्यांचं तोंड मागं. उतरताना ती जवळजवळ बंदच केल्यासारखी असतात. वेग पंख्याच्या विमानापेक्षा कितीतरी जास्त. आणि विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणजे जो काही आवाज पुढं यायचा तोही वारा माघारी ढकलतो. माझ्या डोळ्यासमोर कुत्री नव्हती. माझ्या डोळ्यासमोर पट्टीचा पश्चिमेचा शेंडा होता आणि तिथं पाठ करून बसलेला माझा भाऊ.

कुत्री मी पोत्यात भरली, सायकलला बांधली आणि घरी नेली. भाऊ गोठ्यात धार काढत होता. पोतं त्याच्या पुढ्यात उलटं केलं. म्हशी बिथरल्या, बादली लवंडली.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "म्हातारी झाली व्हती ती."

"ती ऐकत होती दादा. तू ऐकतोस तशीच ऐकत होती."

"कुत्र्याची अन् माझी बरोबरी लावतो?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं, वारा, वेग, इंजिनाचं तोंड. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या कालेजात म्हशी व्हत्या का?" मी म्हणालो, हे जेट ठरलेल्या दिवशी येत नाही, मालकाच्या मनात आलं की येतं, ज्या दिवशी तू बसलेला असशील त्या दिवशी तुझे असेच दोन तुकडे मी गोळा करीन. तो म्हणाला, बापाच्या रानात पडतील, बरंच हाये. मग मी बोलायचं सोडलं आणि त्याच्या गळ्याला हात घातला. सांडलेल्या दुधात आणि शेणात आम्ही दोघं लोळलो. त्यानं पितळेचं माप माझ्या भुवईवर हाणलं. मी त्याच्या मनगटाला चावलो ते हाडापर्यंत. माय फुकणी घेऊन आली आणि दोघांनाही झोडपलं, कोणाचं काय चुकलं ते न विचारता. मला टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीवर गेलो तर तो आपल्या जागेवर.

मग मी जे जे करता येईल ते केलं. खिंडारात बाभळीच्या फांद्या भरल्या, त्यानं त्या पेटवून दिल्या. मॅनेजरना सांगून भिंत बांधून घेतली, त्यानं दोन रात्रींत पहारीनं पाडली. शेवटी चौकीदारानं त्याची एक म्हैस धरून कोंडवाड्यात नेली. भाऊ भर दुपारी विमानतळावर आला, सगळ्यांच्या देखत, आणि चौकीदाराच्या खांद्यावर काठीचा असा घाव घातला की गळ्याजवळचं हाड मोडून कातडीखाली वर आलं. चौकीदार खाली बसला, ओरडला नाही. पोलीस भावाला घेऊन गेले. ठाण्यात त्याला तळपायांवर मारलं, उलटं टांगून मारलं. घरी आला तो भिंतीला धरून. मायनं पायांना हळद लावली. मी त्याला विचारलं, आता तरी? पाय जमिनीला टेकायला लागले त्या सकाळी तो खिंडारातून आत गेला. माझ्या भावाला मारून कोणी कधी शहाणं केलेलं नाही, बापानंही नाही.

तो दिवस उजाडला तेव्हा थंडी होती. चौकीदाराचा हात गळ्यात बांधलेला, तो फाटकावर बसलेला. जीपवर मी एकटा. मुंबईहून फोन आला तो जेट निघून गेल्यावर, मालक आत आहेत, पट्टी तयार ठेवा. मॅनेजर बाहेर धावत आले आणि म्हणाले, पळ.

आमच्या पट्टीला मध्ये फुगवटा होता. टॉवरवरून पश्चिमेचा शेंडा दिसत नसे. जीपमधला बोलायचा सेट कैक दिवस मेलेला. हिरवा झेंडा दिसल्याशिवाय टॉवरनं विमानाला खाली येऊ द्यायचं नाही असा नियम होता, पण मालक आत असले की त्या नियमाला घाई व्हायची. मी जीप दामटली. फुगवटा ओलांडला आणि दिसलं.

सगळा कळप पट्टीवर. रात्रभराच्या थंडीनंतर डांबर लवकर तापतं, म्हशी त्यावर पसरून रवंथ करत होत्या, आडव्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. भाऊ मधोमध दगडावर बसलेला, तोंड उन्हाकडं, म्हणजे माझ्याकडं. पाठ स्टेशनाकडं. मी हॉर्न दाबून धरला होता. त्यानं मला सलाम ठोकला. मी जीपमधून अर्धा बाहेर निघून हातानं दाखवलं, माघारी बघ. त्यानं हसून बोट कानाला लावलं आणि हलवलं, आवाज नाय. आणि त्याच्या डोक्यावर, स्टेशनाच्या मागं, पांढरा ठिपका होता.

मोठ्या म्हशीचे कान हलत होते. तीही ऐकत होती.

मी ब्रेक लावला नाही. म्होरकी उठली तरच बाकीच्या उठतील हे मला माहीत होतं. जीप सरळ तिच्या मागच्या अंगावर घातली. पत्रा आणि हाड, दोन्हींचा आवाज एकदम झाला. ती पुढच्या पायांवर उभी राहिली आणि अशी हंबरली की बाकीच्या सगळ्या उधळल्या, गवतात, भिंतीकडं, एकीचं खूर दुसरीच्या पोटात. ती मात्र उठू शकली नाही. मागचं सगळं मोडलं होतं.

भाऊ माझ्यावर आला. त्याच्या काठीनं जीपची पुढची काच माझ्या तोंडावर फुटली. डोळ्यांत रक्त आलं. त्यानं मला गचांडी धरून खाली ओढलं, मी सीटखालचा जॅकचा दांडा धरूनच खाली आलो. त्याला ढकलून सरकवणं माझ्या बापाला जमलं नसतं. वेळही नव्हता. मी वाकलो आणि सगळा जोर लावून दांडा त्याच्या नडगीवर घातला. पाय जिथं वाकायला नको तिथं वाकला. तो खाली पडला, तसा मी त्याला काखेत धरून ओढत गवतात नेला. तो माझ्या तोंडावर बुक्क्या मारत होता. मी त्याच्या अंगावर पालथा पडलो.

सावली गेली. आधी सावली, मग गरम वारा, मग आवाज. दगड छातीवर पडावा तसा आवाज. पायलटला आडवी जीप आणि म्हैस शेवटच्या क्षणी दिसली असणार, त्यानं विमान वर उचललं. चाकं आमच्यावरून इतक्या खालून गेली की मला त्यांचे नट दिसले.

माझ्याखाली भावाच्या बुक्क्या थांबल्या होत्या. तो आभाळाकडं बघत होता, विमान निघून गेलेल्या बाजूला नाही, ते ज्या बाजूनं आलं त्या बाजूला. तिकडून आवाज आलाच नव्हता.

काम संपलेलं नव्हतं. जेट घिरटी घालून परत येणार, आणि म्हैस पट्टीवर. मी जीपमधला दोर काढला आणि तिच्या पुढच्या पायांना बांधायला लागलो. ती मान आपटत होती, शिंग माझ्या मांडीत घुसलं. भाऊ गवतातून हातांवर सरपटत आला, मोडका पाय मागं ओढत, आणि हाताला आलेला दगड माझ्या पाठीत मारला. मी बांधत राहिलो. दोर जीपला अडकवला आणि तिला ओढली. ती हंबरत होती. तिच्या कातडीचा रुंद पट्टा डांबरावर राहिला. गवतात तिला सोडली, जीप कडेनं फुगवट्यावर नेली, हिरवा झेंडा वर केला. जेट उतरलं, त्या लाल पट्ट्यावरूनच.

मालक उतरले, घड्याळ बघितलं, मोटारीत बसून कारखान्याकडं गेले. त्यांना काही सांगायची गरज कोणाला वाटली नाही, मलाही नाही.

मॅनेजर आले, मागून चौकीदार आला, गळ्यात हात बांधलेला. मोठी म्हैस अजून जिवंत होती, जीभ बाहेर, डोळे पांढरे. भाऊ तिच्या मानेवर डोकं ठेवून पडला होता. चौकीदार त्याच्याजवळ खाली बसला. ज्यानं आपलं हाड मोडलं त्याच्या शेजारी.

"दादा," तो हळू म्हणाला, "इसको छुड़ा दूँ?"

भावानं तिचं वाकडं शिंग एका हातानं धरलं आणि मान दुसरीकडं फिरवली. चौकीदारानं खिशातून चाकू काढला आणि एका हातानं तिला सोडवलं. गरम रक्त भावाच्या बंडीवर, माझ्या बुटांवर. ती शांत व्हायला वेळ लागला.

भावाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हाड दोन ठिकाणी गेलंय, पाय राहील पण सरळ राहणार नाही. माझ्या भुवईवर, हनुवटीवर, मांडीत टाके घातले आणि मी त्याच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो. माय एका कोपऱ्यात बसली होती. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आज सांगतो तेच. पाय मोडला ते बरोबर केलं. पुन्हा तसाच दिवस आला तर पुन्हा मोडीन. म्हशीबद्दल मात्र मी असं छातीठोक काही म्हणत नाही. तिनं माझी फी भरली होती.

संध्याकाळी हवालदार आला, कागद आणि पेन घेऊन. विमानतळाकडून तक्रार गेली होती, घुसखोरी, विमानाला धोका. त्यानं आधी नाव-गाव विचारलं. मग पायाकडं पेन दाखवून विचारलं, हा कोणी मोडला?

"मी," मी म्हणालो.

"कशानं?"

"जॅकच्या दांड्यानं."

"तू ह्याचा कोण?"

"धाकटा भाऊ."

हवालदारानं एकदा माझ्या टाक्यांकडं बघितलं, एकदा त्याच्या पायाकडं आणि खुर्ची पुढं ओढली. त्याला आता रंगत आली होती. भावाला म्हणाला, हे तर वेगळंच कलम झालं, तुला ह्याच्यावर तक्रार द्यायची असेल तर दे, मी लिहून घेतो, भाऊ असला म्हणून काय झालं. मायनं मान वर केली. भावानं तक्रार दिली असती तर माझी नोकरी गेली असती आणि मी ती जाऊ दिली असती, पण एक शब्द मागं घेतला नसता.

भावानं डोळे उघडले. औषधानं जीभ जड झाली होती.

"पायाचं लिहू नका," तो म्हणाला.

"मग?"

"म्हशीचं लिहा."

हवालदार हसला. "म्हशीचं काय लिहू?"

भाऊ माझ्याकडं बघत होता. भांडण नव्हतं त्या बघण्यात, माफीही नव्हती. सकाळपासून तो पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होता.

"लई चांगला कान व्हता तिचा," तो म्हणाला. "तिलाबी ऐकू आलं नाय. तेवढं लिहा."